रात्री साडेआठचा राग

प्रश्न : मी 43 वर्षांचा आहे. भांडुपला राहतो, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. वडील गिरणीत होते. 1982च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि नंतर त्यांनी मिळेल ते काम केलं. लहानपणी घरात त्यांच्या आवाजाची धास्ती असायची. मी असा होणार नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं. आता माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. आठला घरी पोचतो, साडेआठला त्याचं गणित घ्यायला बसतो आणि ताबा सुटतो. ओरडतो, वही भिरकावतो, दोनदा हातही उचलला. वडील आमच्याकडेच असतात. परवा ते म्हणाले, "माझ्यावरच गेलास." बायको म्हणते, स्वभावाला औषध नाही. गावाहून आत्या फोनवर सांगते, "संपाआधी तुझो बापूस असो नव्हतो." राग रक्तातून येतो का? माझ्यामुळे मुलगाही असाच होईल का? आणि मी नेमकं करू काय? मित्र सांगतो, साठवून ठेवू नको, जिममध्ये पंचिंग बॅग बडव, मोकळा होशील. झोप पाचेक तास होते. रविवारी मात्र गणित घेतलं तरी असं काही होत नाही, याचं नवल वाटतं.
(एक वाचक, भांडुप)

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. रक्तातला राग रविवारची सुट्टी घेत नाही. तोच मुलगा, तेच गणित, तेच तुम्ही, आणि तरी रविवारी वही जागच्या जागी राहते. म्हणून या उत्तराचा मोठा भाग रात्री आठ ते नऊ या तासाबद्दल आहे. पण तुम्ही आधी रक्ताचं विचारलंय, तर ते आधी.

जुळ्या भावंडांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित हिशेब 2015 साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात आला. 2,748 शोधनिबंध, सुमारे 1 कोटी 45 लाख जोड्या (काही जोड्या एकापेक्षा जास्त अभ्यासांत मोजलेल्या). उंची, आजार, स्वभाव असे सगळे गुण धरून आनुवंशिकतेचा सरासरी वाटा 49 टक्के निघाला. हा आकडा ऐकला की माणूस मनात म्हणतो, म्हणजे माझा निम्मा राग बाबांचा. तसा त्याचा अर्थ होत नाही. एका भाकरीत पीठ किती टक्के आणि थापणाऱ्या हाताचं कसब किती टक्के, हा प्रश्नच चुकीचा आहे; पण गावातल्या पन्नास घरच्या भाकऱ्या समोर ठेवल्या, तर त्यांच्या चवीत जो फरक आहे त्यातला किती पिठामुळे, हे विचारता येतं. 49 टक्के हा आकडा त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. माणसामाणसांतल्या फरकाबद्दल तो बोलतो. तुमच्या एकट्याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि बदल शक्य आहे की नाही याबद्दल तर मुळीच नाही.

वडिलांकडून तुम्हाला काही आलंच असेल, तर ती ठिणगी लवकर पडण्याची प्रवृत्ती: छाती किती पटकन धडधडते, अंग किती उशिरा निवतं. हे तान्ह्या बाळातही दिसतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या 133 मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांतली सुमारे 40 टक्के बाळं सहज रमणारी होती आणि 10 टक्के पहिल्यापासूनच तीव्र, लवकर चिडणारी. पण अंग तापल्यावर हाताने काय करायचं, वही भिरकवायची की उठून खिडकीशी जायचं, हे गुणसूत्रांत लिहिलेलं नसतं. ते पाहून शिकलेलं असतं. स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली 72 लहान मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींनी मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुलीला बडवताना पाहिलं होतं. नंतर त्या मुलांनी ती बाहुली तशीच, बऱ्याचदा तेच शब्द उच्चारत बडवली. तुम्ही सात-आठ वर्षांचे असताना अशी प्रात्यक्षिकं घरात रोज पाहिलीत. ठिणगी हा एक भाग, वही भिरकावणं हा दुसरा. पहिला हळूहळू आणि थोडाच बदलतो. दुसरा बराच बदलतो, आणि मुलाला लागतो तो दुसराच.

तुमच्या आत्याचं म्हणणं मला बायकोच्या आणि वडिलांच्या म्हणण्यापेक्षा जास्त वजनदार वाटतं, कारण तिने आधीचा माणूसही पाहिलाय आणि नंतरचाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे 'आता संपलं, दुसरं बघू' असं सांगणारी तारीखच त्या घरांना मिळाली नाही. गिरणी उघडेल, कदाचित उघडणार नाही. माणसाच्या मनाला वाईट बातमीपेक्षा अशी टांगती स्थिती जास्त पोखरते. लंडनमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, विजेचा सौम्य झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. वडिलांचं तेव्हाचं ओरडणं यामुळे क्षम्य ठरत नाही. पण 'माझ्यावरच गेलास' हे त्यांचं वाक्य तुम्ही निदान म्हणून घेऊ नका. त्यांच्या रागालाही वेळकाळ होता, तुमच्याही रागाला आहे.

आता मुलगा. इथे एक गोष्ट सांगितली तर पालकांना खटकते, पण ती खरी आहे. एका घरात वाढल्यामुळे दोन भावंडांचे स्वभाव मोठेपणी जितके सारखे व्हायला हवेत असं आपल्याला वाटतं, तितके ते होत नाहीत. दत्तक मुलांच्या आणि जुळ्यांच्या अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलंय. तेव्हा तुमच्या ओरडण्याने तो 2050 साली कसा माणूस होईल, ही भविष्यवाणी कुणीच करू नये. तुम्हीही करू नका. त्या धास्तीनेच तुम्ही साडेआठला आणखी घट्ट होऊन बसता. तुम्ही थांबायचंय ते आजसाठी. नऊ वर्षांचं पोर रोज संध्याकाळी आठ वाजता दाराकडे कान लावून बसत असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे.

मारण्याबाबत मात्र हळूहळू वगैरे काही नाही. तो आजपासून बंद. चापटी मारण्यावरच्या 75 अभ्यासांचा, 1,60,927 मुलांची माहिती धरून केलेला आढावा 2016 मध्ये आला. चापटी खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा जास्त आणि पालकांशी नातं कमकुवत, असंच बहुतेक ठिकाणी निघालं. यातून कारण आणि परिणाम पूर्ण सिद्ध होत नाही, पण चापटीने मूल सुधारल्याचं त्या आढाव्यात कुठेच दिसलं नाही. स्वतःला एक नियम घालून घ्या: अभ्यास घेताना हात टेबलाच्या वर उचलायचाच नाही, वही ओढून घ्यायलाही नाही. नियम असा दिसेल असा हवा. 'संयम ठेवीन' हा नियम होत नाही.

आता तो आठ ते नऊचा तास.

तुम्ही करी रोडला गाडीत चढता, गर्दीत पाऊण तास उभे राहता, भांडुपला पूल चढून रिक्षाच्या रांगेत येता. या सगळ्यात शरीर लढाईच्या पवित्र्यात असतं: नाडी जलद, खांदे वर, जबडा आवळलेला. ॲड्रेनालिन रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. पण कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यावर 20 ते 30 मिनिटांनी शिखर गाठतं आणि निम्म्यावर यायला त्याला साधारण तासभर, कधी जास्तही लागतो. डॉल्फ झिलमन यांनी 1970 च्या दशकात यावरच काम केलं. त्यांनी लोकांना आधी व्यायामाची सायकल मारायला लावली आणि मग चिडवलं. सायकल मारलेले लोक जास्त आक्रमक वागले. त्यांच्या पुढच्या कामातला बारकावा तुमच्या उपयोगाचा आहे. धाप लागलेली असताना माणसाला कळतं की ही धाप सायकलची आहे. काही मिनिटांनी धाप थांबते, आपण शांत झालोय असं वाटतं, पण आतली खळबळ उरलेली असते. त्या वेळी समोर जे घडेल, त्याच्या नावावर ती सगळी जमा होते. तुम्ही आठला घरी येता आणि साडेआठला अभ्यासाला बसता. सात सत्ते छप्पन्न झालं की लोकलचा हिशेबही त्याच पोराच्या खात्यावर पडतो.

म्हणून पहिलं काम वेळापत्रक बदलण्याचं. मनावर ताबा मिळवण्याचं नंतर. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये भावना आवरण्याच्या जागा क्रमाने मांडल्या: प्रसंग टाळणं, प्रसंगात फेरफार करणं, लक्ष वळवणं, प्रसंगाचा अर्थ बदलणं आणि सगळ्यात शेवटी उसळलेली भावना दाबणं. जितकं आधी अडवाल तितकं स्वस्त. तुम्ही गेली काही वर्षं फक्त शेवटची जागा लढवताय, दात आवळून. दाबलेल्या रागात चेहरा शांत दिसतो, शरीर तापलेलंच राहतं आणि त्या वेळी काय बोललं गेलं ते लक्षातही नीट राहत नाही.

तेव्हा सोमवार ते शुक्रवार गणित बंद करा. खरंच बंद. शनिवारी-रविवारी सकाळी पाऊण तास गणित, मध्ये पाच मिनिटांची सुट्टी. शाळेने रोजचा गृहपाठ दिला असेल तर तो संध्याकाळी सहाला आई किंवा शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी घेऊ शकते का, ते बघा. रात्री तुम्ही पंधरा मिनिटं फक्त वाचायचं, आळीपाळीने एकेक पान. बापाने गणित घेतलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

हे जमणारच नसेल, तर किमान मध्ये जागा करा. ऑफिसमधून निघण्याआधी, सहाच्या सुमारास काहीतरी खा: एक केळं, मूठभर चणे-शेंगदाणे, चालेल तर उकडलेलं अंडं. नुसता चहा नको. दुपारी एकला जेवलेला माणूस साडेआठला साडेसात तासांचा उपाशी असतो, आणि भुकेची चिडचिड बाहेरून रागासारखीच दिसते. भांडुपला उतरल्यावर लगेच पुलाकडे धावू नका, तशीही तिथे पहिली पाच मिनिटं मुंगीला वाट नसते. बाकावर बसा. चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त हवा, कारण सोडताना हृदयाची गती उतरते.

यात लोकांचं दोन ठिकाणी चुकतं. खूप खोल आणि भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हाताला मुंग्या येतात, गरगरतं आणि माणूस म्हणतो, हे आपल्याला सोसत नाही. श्वास नेहमीइतकाच भरा, फक्त संथ. दुसरी चूक मोठी आहे: भडका उडाल्यावर श्वासाची आठवण होते. राग दहापैकी आठवर गेला की सहा मोजणं जमत नाही. तो दोन-तीनवर असताना रोज केलं, तरच कधीतरी सहावर असताना उपयोगी पडतं.

घरी आल्यावर वीस मिनिटं कुणीही तुम्हाला शाळेचा विषय सांगायचा नाही, हे बायकोशी रविवारी दुपारी बोलून ठरवा. दारात उभं राहून ठरवू नका. कपडे बदला, हातपाय धुवा, मुलाशी बोला, पण सूचना एकही नको. 'बॅग उचल' हीसुद्धा सूचनाच. फोन बाजूला ठेवा. ऑफिसच्या ग्रुपवरचा एक निरोप त्या वीस मिनिटांचं वाटोळं करतो.

यानंतरही प्रसंग येणारच, तर त्यासाठी एकच 'जर-तर' ठरवा. पीटर गोलविट्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलंय. 2006 साली 94 अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात नुसत्या निश्चयापेक्षा असा ठराव बराच उपयोगी ठरला. तुमच्यासाठी तो असा: "तेच उत्तर तिसऱ्यांदा चुकलं, तर मी पेन्सिल खाली ठेवीन, पाणी प्यायला उठेन आणि परत येऊन दुसरं, सोपं उदाहरण देईन." यात खूण नेमकी आहे (तिसऱ्यांदा) आणि कृती हातापायांची आहे. 'चिडणार नाही' असं ठरवलं तर कुठल्या क्षणी काय करायचं हे त्यात नसतंच, म्हणून ते टिकत नाही. पहिले तीन आठवडे हा एकच ठराव ठेवा. चार-पाच ठरवले की ऐन वेळी एकही आठवत नाही.

पाणी पिऊनही निवलं नाही, तर खोली सोडा. जाताना मुलाला मोठ्याने सांगा: "मला राग आलाय, तुझ्यामुळे नाही. वीस मिनिटांत येतो." भावनेला असं नाव देण्याचाही परिणाम होतो, 2007 सालच्या मेंदूच्या चित्रणात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची हालचाल उतरलेली दिसली. दोन खोल्यांच्या घरात जायचं कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. गच्ची, जिना, इमारतीखालचा कट्टा, काहीही चालेल. मात्र तिथे उभं राहून 'याला काही कळतच नाही' हे मनात घोळवलंत तर वीस मिनिटांनी जास्त तापून परत याल. गाड्यांचे नंबर वाचा, किराणा आणा, कचरा टाकून या. आणि वीस मिनिटांनी परत याच. न सांगता निघून जाणारा किंवा सांगून न परतणारा बाप मुलाला ओरडणाऱ्या बापाइतकाच घाबरवतो.

पंचिंग बॅगचा सल्ला मित्राने चांगल्या मनाने दिलाय, पण तो उलटा आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांना चिडवून त्यांचे तीन गट केले. ज्याचा राग आला त्याला मनात आणून बॅग बडवणारे सगळ्यात जास्त रागावलेले राहिले. काहीच न करता दोन मिनिटं बसलेले सगळ्यात कमी आक्रमक वागले. 2024 मध्ये 154 अभ्यासांचा, 10,189 लोकांचा आढावा आला, त्यातही तेच: शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, शरीर तापवणाऱ्यांनी सहसा उतरत नाही. धावण्याने तर थोडा वाढलेलाच दिसला. व्यायाम तब्येतीसाठी जरूर करा, सकाळी करा. रागावरचा उतारा म्हणून रात्री नको.

मनातल्या मनात चाललेल्या बोलण्याकडेही बघायला हवं. पोराने उत्तर चुकवल्यापासून तुमचा आवाज चढेपर्यंत मध्ये एखादं वाक्य असतं, ते पकडा. बहुतेकदा ते 'हा मला जुमानत नाही' किंवा 'याचं पुढे काही खरं नाही' अशा जातीचं निघतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून हेच सांगत आले: घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली मागणी उभी असते. मुलाला जमावं ही इच्छा ठेवा. त्याला आत्ता, याच वेळी जमायलाच हवं हा हुकूम सोडा. त्याच्या जागी खरं असलेलं वाक्य ठेवा. उदाहरणार्थ, 'रात्री नऊच्या सुमाराला नऊ वर्षांचा मेंदू थकलेला असतो.' मेंदूचा जो पुढचा भाग आवर घालतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. 'माझा मुलगा गुणी आहे, मला राग येत नाही' असली गोड वाक्यं नकोत. आपणच आपल्याला खोटं सांगतोय हे मनाला लगेच कळतं.

हे सगळं सुरू करण्याआधी दहा दिवस फक्त नोंद ठेवा. न मारण्याचा नियम आजपासून, बाकी काही बदलू नका. छोट्या वहीत पाच रकाने: किती वाजता, लगेच आधी काय घडलं, शरीरात पहिलं काय जाणवलं (कान गरम, जबडा, पोटात खड्डा), मी काय केलं, आदल्या रात्री किती तास झोपलो. 'आधी काय घडलं' मध्ये 'ऐकत नव्हता' असं लिहू नका, तो निकाल झाला. 'दुसऱ्यांदा हाक मारली, टीव्हीकडेच बघत होता' असं लिहा, कॅमेऱ्याला दिसेल तसं. आणि राग यायला हवा होता तरी आला नाही, त्याही वेळा लिहा. त्यातच जास्त माहिती असते. रविवारचं तुम्हाला तसंच सापडलं.

झोपेच्या रकान्याकडे विशेष बघा. 2007 च्या एका प्रयोगात सुमारे 35 तास जागे ठेवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतला तो धोक्याची चाहूल घेणारा भाग झोपलेल्यांच्या तुलनेत 60 टक्के जास्त भडकला. तुमची पाच तासांची झोप म्हणजे तेवढं जागरण नव्हे, पण दिशा तीच. शेवटचा चहा चारला घ्या, कारण कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. झोपायची वेळ दर चार दिवसांनी वीस मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम दीड तास आधी आडवं झालं तर डोळे छताला लागतात आणि हात फोनकडे जातो. घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

पाय घसरला, ओरडलात, तर माफी त्याच रात्री, मूल झोपायच्या आधी. तीन वाक्यं पुरतात: काय केलं, ते चूक होतं, पुढच्या वेळी काय करीन. "मी वही फेकली. ते चूक होतं. पुढच्या वेळी मी उठून बाहेर जाईन." यात 'पण तूसुद्धा...' आलं की माफी वाया गेली. चॉकलेट नको, जबरदस्तीची मिठी नको, स्वतःच्या बालपणाची कहाणी तर नकोच. नऊ वर्षांच्या मुलाला बापाची समजूत काढायला लावू नये. रोज माफी आणि रोज तेच, असं व्हायला लागलं तर माफी थांबवा आणि वेळापत्रकाकडे परत जा. चूक तिथे आहे.

किती दिवस लागतील? 21 दिवसांचं जे सांगतात ते विसरा. लंडनमध्ये 96 लोकांवर झालेल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. वेगवेगळ्या माणसांचा आवाका 18 पासून 254 पर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने मोडलं नाही. आणि स्वभावाला औषध नाही म्हणणाऱ्यांसाठी: 2017 मध्ये 207 अभ्यासांच्या आढाव्यात, सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनी लोकांच्या स्वभावात मोजता येण्याजोगा फरक पडलेला दिसला, आणि सगळ्यात जास्त फरक भावनिक स्थैर्यात. माणूस आरपार बदलला असं नाही, पण घरच्यांना कळेल इतका. मोजताना 'राग आला का' हे मोजू नका, तो येईल. आठवड्यात किती वेळा, किती जोरात आणि निवायला किती मिनिटं, एवढं लिहा. बऱ्याचदा शेवटचा आकडा सगळ्यात आधी उतरतो.

वडिलांशी जुना हिशेब आत्ता काढू नका. त्यांच्याकडून कबुली मिळेल या आशेने गेलात तर साडेआठचं भांडण साडेनऊला होईल. बोलावंसं वाटलंच तर रविवारी, रागाचा विषय न काढता, एखादी साधी गोष्ट विचारा: संपाच्या पहिल्या पावसाळ्यात घर कशावर चाललं? म्हातारी माणसं अशा प्रश्नाला उत्तर देतात. 'तुम्ही असं का वागलात' याला देत नाहीत. आणि मुलादेखत ते 'माझ्यावरच गेलास' म्हणाले, तर वाद न घालता एवढंच म्हणा, "बाबा, मी त्यावर काम करतोय." पोराने ते ऐकलेलं बरं.

आता डॉक्टरकडे कधी जायचं ते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज चिडचिड, त्यासोबत कशात रस नाही, भूक किंवा झोप बदललेली, असं असेल तर जा; पुरुषांमध्ये नैराश्य असं रागाच्या रूपानेही येतं. दारूचं प्रमाण वाढलं असेल, पुन्हा हात उचलला गेला, किंवा स्वतःला संपवण्याचा विचार मनात आला, तर दहा दिवसांच्या वहीची वाट बघू नका, लगेच जा. नेहमीच्या डॉक्टरांना थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांगा. थायरॉइड जास्त चालत असेल तरी माणूस असाच चिडका होतो, आणि शाकाहारी असाल तर बी-12 कमी असण्याची शक्यता बरीच असते. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर, या तिन्ही महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. फोनवर आधी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं. रागावरचं समुपदेशन साधारण 8 ते 12 बैठकांचं असतं. पहिल्या दोन बैठकांत फरक नाही म्हणून सोडून देणारे बरेच, तसं करू नका. ओपीडीला सकाळी लवकर पोचा, केस पेपरच्या रांगेत वेळ जातो. वही झालेली असेल तर सोबत न्या. राग कधी येतो, किती वेळा येतो, किती वेळ टिकतो हे डॉक्टर विचारणारच, आणि त्याचं उत्तर आठवून दिलेल्यापेक्षा लिहून आणलेलं जास्त खरं असतं.